घरगुती लघुरेल्वे : छंद, प्रमाण आणि स्थानिक रेल्वे-इतिहास
(वाशीम जिल्ह्यातील तीन गेजच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

भारतीय रेल्वेचा इतिहास प्रामुख्याने अर्थकारण, वसाहतवाद, दळणवळण आणि राष्ट्रीय चळवळ या अंगांनी लिहिला गेला आहे. दि. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या मार्गावर पहिली प्रवासी गाडी धावली. तेव्हापासूनचा हा इतिहास अहवाल, करारपत्रे, अंदाजपत्रके आणि वेळापत्रके यांच्या आधारे उभा राहिला. मात्र रेल्वेविषयीचे ज्ञान केवळ कागदपत्रांत साठलेले नसते. रुळांमधील अंतर, वळणाची त्रिज्या, फलाटाची उंची, स्थानकाच्या छपराचा उतार या गोष्टी वस्तुरूप असतात, आणि वस्तू नष्ट झाली की त्यांचे आकलनही पुसट होत जाते. फावल्या वेळात घरी रेल्वेची लहान आकारातील चालती मांडणी उभी करणे हा छंद या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. वरकरणी तो खेळ वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी मोजमाप, निवड आणि पुनर्रचना या तीन क्रिया असतात, आणि याच तीन क्रिया इतिहासलेखनाच्याही मुळाशी असतात.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) महाराष्ट्रातील घरगुती लघुरूप-निर्मितीच्या परंपरेत लघुरेल्वेचे स्थान पाहणे, (२) या छंदाच्या जागतिक व महाराष्ट्रीय विकासाचा संक्षिप्त आढावा घेणे, (३) वाशीम जिल्ह्याशी निगडित ब्रॉडगेज, मीटरगेज व नॅरोगेज मार्गांची लघुप्रमाणातील शक्यता तपासणे, आणि (४) लुप्त होत चाललेल्या मार्गांच्या नोंदीचे साधन म्हणून या छंदाची उपयुक्तता मांडणे. त्यासाठी वर्णनात्मक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

घरातील लघुरूपाची परंपरा

मराठी घराला लघुरूप परके नाही. भातुकलीत संपूर्ण स्वयंपाकघर ओंजळीत मावेल एवढे होते. चैत्रगौरीच्या आणि गणपतीच्या आराशीत नदी, डोंगर, देऊळ, गाव यांची मांडणी केली जाते. दिवाळीत अंगणात माती-दगडांचा किल्ला उभा राहतो. त्यावर हळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवली जाते आणि मावळ्यांची चित्रे ठेवली जातात. विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल सजवून मिरवतात. या सर्वांत प्रत्यक्ष जग लहान करून घरात आणण्याची एकच प्रेरणा दिसते.

तथापि या परंपरेचे एक वैशिष्ट्य लक्षात घेतले पाहिजे. हे लघुरूप ऋतूशी बांधलेले असते. सण संपला की आरास उतरते, किल्ला मोडतो, लाकडी बैल पुन्हा माळ्यावर जातो. दरवर्षी नव्याने मांडणे आणि मोडणे हाच तिचा धर्म होय. दुसरे असे की, येथे प्रमाणाचा आग्रह नसतो. किल्ल्यावरचा मावळा बुरुजाएवढा उंच असला तरी कोणाची हरकत नसते, कारण तेथे आकारापेक्षा भाव महत्त्वाचा असतो.

लघुरेल्वेची मांडणी या दोन्ही बाबतींत वेगळी आहे. ती मोडण्यासाठी नसते, तर वर्षानुवर्षे वाढत जाण्यासाठी असते. आणि तिच्यातील प्रत्येक वस्तू एकाच प्रमाणात असावी लागते. या दोन अटींमुळे तिला कायमची जागा, नियमित वेळ आणि अचूक मोजमाप यांची गरज भासते. मध्यमवर्गीय घरात यांपैकी पहिल्या दोन गोष्टी सहसा दुर्मिळ असतात. हा छंद महाराष्ट्रात मोजक्या घरांपुरता का राहिला, याचे एक कारण येथे सापडते.

खेळण्यापासून प्रतिकृतीपर्यंत

या छंदाचा उगम युरोपातील खेळण्यांच्या उद्योगात आहे. जर्मनीतील गोपिंगेन येथे इ. स. १८५९ मध्ये स्थापन झालेली मार्कलिन ही संस्था आरंभी बाहुल्यांच्या घरासाठी पत्र्याची भांडी तयार करीत असे. म्हणजे युरोपातील आगगाडीही भातुकलीच्याच घरातून बाहेर पडली. इ. स. १८९१ च्या लाइपझिग येथील जत्रेत या संस्थेने चावीवर चालणारी गाडी, जोडता येणारे रूळ आणि रुळांची ठरावीक मापे सादर केली. माप ठरल्यामुळे एका वर्षी घेतलेल्या रुळांना पुढील वर्षी घेतलेले रूळ जोडता येऊ लागले. खेळण्याचे रूपांतर वाढत्या मांडणीत होण्यास येथून प्रारंभ झाला.

इंग्लंडमध्ये ‘मेकॅनो’ या जोडखेळाचे जनक फ्रँक हॉर्नबी यांनी इ. स. १९२० मध्ये खेळण्यातील गाड्या बाजारात आणल्या. पहिल्या महायुद्धानंतर शहरांतील घरे लहान होत गेली आणि ३२ मि.मी. रुळांच्या ‘ओ’ गेजला जागा पुरेना. त्याच्या सुमारे निम्म्या मापाची १६.५ मि.मी. रुळांची गाडी टेबलावर मावू लागली. यातूनच १ : ८७ हे ‘एचओ’ प्रमाण रूढ झाले आणि ते आज जगभर सर्वाधिक वापरात आहे. १६.५ ला ८७ ने गुणले असता सुमारे १४३५ मि.मी. ही संख्या येते. युरोप-अमेरिकेतील ‘स्टँडर्ड गेज’चे हे प्रत्यक्ष माप होय.

ब्रिटिश छांदिष्टांना मात्र तडजोड करावी लागली. तेथील प्रत्यक्ष इंजिने आकाराने लहान असल्यामुळे त्या काळातील मोटार १ : ८७ च्या इंजिनात बसत नव्हती. म्हणून इंजिन १ : ७६ प्रमाणात मोठे केले गेले, पण रूळ १६.५ मि.मी. चेच राहिले. परिणामी ब्रिटिश गाडी आपल्याच रुळांवर किंचित अवजड दिसू लागली. काही काटेकोर छांदिष्टांनी पुढे १८.८३ मि.मी. चे रूळ स्वतः तयार करून हा दोष दूर केला. बाजारात मिळणारे माप आणि इतिहासाशी इमान राखणारे माप यांतील हा संघर्ष भारतीय संदर्भात अधिक तीव्र होतो.

पुण्यातील उदाहरण

महाराष्ट्रात या छंदाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे पुण्यातील कोथरूड भागात असलेले जोशी लघुरेल्वे संग्रहालय होय. भाऊ जोशी (बी. एस. जोशी) यांनी वैयक्तिक छंद म्हणून गाड्या जमविण्यास व मांडण्यास सुरुवात केली. १९८० च्या दशकात त्यांनी लोकांना दाखविण्यासाठी हलविता येईल अशी मांडणी तयार केली. परंतु रूळ, तारा, सिग्नल आणि नाजूक इमारती पुनःपुन्हा सुट्या करून जोडणे हे फार जिकिरीचे असते. कायमस्वरूपी मांडणीची गरज त्यातून स्पष्ट झाली आणि दि. १ एप्रिल १९९८ रोजी संग्रहालय सर्वांसाठी खुले झाले.

वर उल्लेखिलेल्या मराठी परंपरेच्या दृष्टीने ही वाटचाल बोलकी आहे. आराशीप्रमाणे मांडावी आणि उतरवावी या रीतीने लघुरेल्वे टिकत नाही, हे येथे अनुभवाने सिद्ध झाले. घरातील खोली अपुरी पडली म्हणून छंदाने संस्थेचे रूप घेतले. व्यक्तिगत आवडीतून सार्वजनिक संग्रह घडण्याची पुण्याची परंपरा राजा दिनकर केळकर संग्रहालयातही दिसते. मात्र तेथे जुन्या वस्तूंचा संग्रह आहे, तर येथे नव्याने घडविलेल्या जगाचा.

या मांडणीत एक संपूर्ण नगर आहे. रस्ते, उड्डाणपूल, सर्कस, पोहण्याचा तलाव, ड्राइव्ह-इन चित्रपटगृह, डोंगरावर चढणारी फनिक्युलर, लोंबकळत धावणारी रेल्वे, वाफेचे इंजिन आणि अतिवेगवान गाडी हे सर्व एका दृष्टिक्षेपात येते. निवेदनाच्या साथीने दिवस मावळतो आणि नगरातील दिवे उजळतात. भारतीय ब्रॉडगेजवरून वाफेचे इंजिन इ. स. १९९५ मध्ये निवृत्त झाले होते, हे लक्षात घेतल्यास त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी खुल्या झालेल्या या मांडणीतील वाफेच्या इंजिनाला स्मारकाचेही मूल्य प्राप्त होते.

या नगराची घडण मात्र मुख्यतः युरोपीय वळणाची आहे. याचे कारण निर्मात्याच्या आवडीपेक्षा साधनांच्या उपलब्धतेत शोधले पाहिजे. तयार रूळ, इंजिने आणि इमारती युरोपीय रेल्वेच्या मापाच्या असतात. शिवाय ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवर भारतात दीर्घकाळ कडक निर्बंध होते. त्यांतील उरलेले संख्यात्मक निर्बंध दि. १ एप्रिल २००१ रोजी उठविले गेले. त्यापूर्वी एवढी मांडणी उभी करणे हेच असाधारण चिकाटीचे काम होते. तरीही प्रश्न उरतो तो असा : विदर्भातील एखाद्या घरात विदर्भातील रेल्वे उभी राहू शकते काय?

प्रमाणाचा प्रश्न : वाशीम जिल्ह्यातील तीन गेज

दि. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. या जिल्ह्याच्या भूमीने तिन्ही प्रमुख गेज पाहिली आहेत. पूर्णा ते हिंगोली हा मीटरगेज मार्ग निजामाच्या राज्यात इ. स. १९१२ मध्ये सुरू झाला. स्वातंत्र्योत्तर काळात हिंगोली, वाशीम, अकोला, खांडवा अशी जोडणी झाल्याने उत्तर व दक्षिण भारतातील मीटरगेज जाळी एकमेकांस मिळाली. इ. स. २००८ मध्ये पूर्णा–अकोला मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले. जिल्ह्याच्या उत्तरेस कारंजा (लाड) येथून मूर्तिजापूर–यवतमाळ हा सुमारे ११३ कि.मी. चा नॅरोगेज मार्ग जातो. वऱ्हाडचा कापूस मुख्य मार्गापर्यंत पोहोचविण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन कंपनीच्या व्यवस्थापनाखाली ही रेल्वे उभी राहिली. लोकांनी तिला ‘शकुंतला’ हे प्रेमाचे नाव दिले. मँचेस्टर येथे इ. स. १९२१ मध्ये तयार झालेले वाफेचे इंजिन या मार्गावर दि. १५ एप्रिल १९९४ पर्यंत गाडी ओढीत होते. त्यानंतर डिझेल इंजिन आले आणि गेल्या दशकात या मार्गावरील गाडी बंद पडली.

ही तिन्ही गेज १ : ८७ या प्रमाणात आणल्यास काय होते, हे पाहणे उद्बोधक ठरते. भारतीय ब्रॉडगेजचे माप १६७६ मि.मी. आहे; लघुरूपात ते १९.२६ मि.मी. होते. बाजारातील रूळ १६.५ मि.मी. चे असल्याने सुमारे १४ टक्के तूट राहते. म्हणजे भारतीय डबा हुबेहूब केला तरी तो अरुंद पायांवर उभा असल्यासारखा दिसतो. मीटरगेज ११.४९ मि.मी. होते, त्यासाठी १२ मि.मी. चे रूळ मिळतात आणि फरक साडेचार टक्क्यांच्या आत राहतो. ७६२ मि.मी. चे नॅरोगेज ८.७६ मि.मी. होते, त्यासाठी ९ मि.मी. चे रूळ उपलब्ध असून फरक अवघा पाव मिलिमीटर, म्हणजे तीन टक्क्यांहून कमी आहे.

वळणांच्या बाबतीतही हेच चित्र दिसते. भारतीय रेल्वेच्या मानकांनुसार वळणाची किमान त्रिज्या ब्रॉडगेजसाठी १७५ मी., मीटरगेजसाठी १०९ मी. आणि ७६२ मि.मी. नॅरोगेजसाठी ४४ मी. आहे. लघुरूपात या त्रिज्या अनुक्रमे २.०१ मी., १.२५ मी. आणि ०.५१ मी. होतात. दहा फूट बाय बारा फूट या मापाची खोली सुमारे ३.०५ मी. बाय ३.६६ मी. असते. ब्रॉडगेजच्या खऱ्या वळणाचे वर्तुळ चार मीटर व्यासाचे असल्याने ते या खोलीत बसतच नाही. मीटरगेजचे वर्तुळ बसते, पण अडीच मीटर व्यापून माणसाला उभे राहण्यास जागा ठेवीत नाही. नॅरोगेजचे वर्तुळ मात्र जेमतेम एक मीटर व्यासाचे असून एका मोठ्या टेबलावर मावते. गाडीच्या लांबीचाही विचार केला पाहिजे. चोवीस डब्यांची ब्रॉडगेज गाडी लघुरूपात सहा मीटरांहून अधिक लांब होते, म्हणजे खोलीच्या कर्णापेक्षाही लांब. चार-पाच डब्यांची नॅरोगेज गाडी सहज सामावते.

यावरून निघणारा निष्कर्ष काहीसा अनपेक्षित आहे. ज्या मार्गाला रेल्वेच्या अधिकृत इतिहासात सर्वांत कमी जागा मिळाली, तोच मार्ग घरगुती प्रतिकृतीत सर्वाधिक प्रामाणिकपणे उतरतो. मुंबई–नागपूर मार्गाची प्रतिकृती करताना रुळांच्या मापाशी, वळणाशी आणि गाडीच्या लांबीशी तडजोड करावी लागते. कारंजा मार्गाच्या प्रतिकृतीत यांपैकी एकही मोठी तडजोड करावी लागत नाही.

निवड, काळ आणि साहित्य

अर्थात सर्वच तडजोडी टळत नाहीत. १ : ८७ प्रमाणात एक किलोमीटर अंतर साडेअकरा मीटर होते, त्यामुळे मूर्तिजापूर–यवतमाळ हा संपूर्ण मार्ग मांडावयाचा झाल्यास सुमारे १.३ कि.मी. रूळ लागतील. साहजिकच छांदिष्टाला निवड करावी लागते. एक स्थानक, एक पूल, एक जिनिंग कारखाना आणि कापसाच्या गाड्या उभ्या असलेला एक रस्ता घ्यावा, आणि मधली शेते सोडून द्यावीत. काय ठेवायचे व काय गाळायचे याचा निर्णय येथे सौंदर्यदृष्टीने जितका होतो, तितकाच अर्थदृष्टीनेही होतो. स्थानकाशेजारी जिनिंग कारखाना ठेवला तर रेल्वे कशासाठी आली हे पाहणाऱ्यास न सांगता समजते. तो गाळला तर उरते ते केवळ रम्य दृश्य.

काळाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. अंतर ८७ पटींनी लहान करता येते, पण पाहणाऱ्याचे घड्याळ लहान करता येत नाही. ताशी ३० कि.मी. वेग लघुरूपात सेकंदाला सुमारे साडेनऊ सें.मी. होतो. एक मीटर व्यासाच्या वर्तुळावर ही गाडी अर्ध्या मिनिटाच्या आसपास फेरी पूर्ण करते. प्रत्यक्षात अनेक तासांचा असलेला प्रवास येथे चहाचा कप संपण्याआधी संपतो. म्हणून जाणकार छांदिष्ट गाडी सतत फिरवीत नाही. ती स्थानकावर थांबवतो, इंजिन सोडवून पुढे घेतो, डबे बदलतो. रेल्वेचे खरे काम धावण्याइतकेच थांबण्यातही असते, याचे भान त्यातून येते.

उंची गाठण्याच्या बाबतीतही प्रत्यक्ष रेल्वे आणि लघुरेल्वे एकमेकींच्या जवळ येतात. अकोला–खांडवा मीटरगेज मार्गावर मेळघाटात धूळघाट येथे रूळ वर्तुळाकार फिरून स्वतःलाच ओलांडत असत. हिंदीतील चारच्या आकड्यासारखा आकार असल्याने लोक त्यास ‘चार का आकडा’ म्हणत. घरगुती मांडणीत खालच्या पातळीवरून वरच्या पातळीवर जाण्यासाठी हीच युक्ती वापरली जाते. अडीच मीटर व्यासाच्या एका फेरीत ८ सें.मी. उंची गाठल्यास चढ सुमारे ९८ स १ पडतो. एक मीटर व्यासाच्या फेरीत तोच चढ सुमारे ३९ स १ होतो, म्हणजे भोर घाटातील ३७ स १ या प्रसिद्ध चढाच्या जवळ जातो. इंजिनाला डबे का ओढवत नाहीत, हे एका टेबलावर समजावून सांगता येते. मेळघाटातील मीटरगेज गाडी आता बंद झाली असल्याने या रचनेची प्रतिकृती हीच पुढील पिढीला तिची ओळख ठरू शकते.

साहित्याची अडचण मात्र वाटते तेवढी नाही. रूळ, मोटार आणि चाके सोडल्यास बहुतेक गोष्टी स्थानिक साहित्यातून घडतात. रुळांखालील ५० मि.मी. ची खडी लघुरूपात अर्ध्या मिलिमीटरहून किंचित मोठी होते; काळ्या दगडाची चाळलेली कच त्यास पुरते आणि पाणी मिसळलेल्या फेव्हिकॉलने ती जागेवर बसते. पुठ्ठा, प्लायवूड, वाळलेल्या काटक्या, लाकडाचा भुसा आणि रंग यांतून शेत, बाभळी आणि कौलारू इमारती उभ्या राहतात. दिवाळीच्या किल्ल्यावर कमावलेले हात येथे उपयोगी पडतात.

स्थानिक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्व

वाशीमकरांनी ब्रॉडगेजची दीर्घकाळ प्रतीक्षा केली आणि तिचा लाभही घेतला. कारंजा मार्गाच्या रूपांतराची मागणीही न्याय्य आहे. ज्या शेतकऱ्याला माल लवकर पोहोचवायचा आहे किंवा ज्या रुग्णाला नागपूर गाठायचे आहे, त्याला जुन्या गाडीच्या आठवणींचा उपयोग नाही. म्हणून जुने गेज जसेच्या तसे राखावे, असा आग्रह धरणे हे स्मरणरंजन ठरेल. परंतु रूपांतराचा अर्थ असा की, रूळ उखडले जातील, पूल बदलतील, फलाट उंच होतील आणि स्थानके पाडली जातील. विकासाला विरोध न करता जे जाणार आहे त्याची नोंद करणे, हे स्थानिक इतिहासकाराचे कर्तव्य आहे; आणि त्याला मुदत आहे.

छायाचित्र ही नोंदीची पहिली पायरी होय, पण ती पुरेशी नाही. छायाचित्रात दिसणारी खिडकी किती उंच आहे हे छायाचित्र सांगत नाही. प्रतिकृती करणाऱ्याला मात्र ते ठाऊक असल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. त्याला स्थानकाच्या चारही भिंती, पायऱ्यांची संख्या, कौलांच्या ओळी, फलाटाची उंची, सांध्याची जागा आणि इंजिनाला पाणी देणाऱ्या टाकीची जागा मोजावी लागते. जेथे माहिती नाही तेथे पुठ्ठा थांबतो. लेखकाला ‘इत्यादी’ लिहून पुढे सरकता येते. प्रतिकृतीत ‘इत्यादी’ला जागा नसते.

या दृष्टीने महाविद्यालयीन पातळीवर हा छंद आंतरविद्याशाखीय उपक्रमाचे रूप घेऊ शकतो. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी निवृत्त रेल्वे कर्मचारी, हमाल, कापूस व्यापारी व प्रवासी यांच्या मौखिक आठवणी नोंदवाव्यात. भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी उतार व वळणे मोजावीत. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी १२ व्होल्टच्या मंडलाची जुळणी करावी. वाणिज्य शाखेने मालवाहतुकीचे अर्थकारण मांडावे. एका स्थानकाची एक मीटर बाय दोन मीटर मांडणी ही सर्वांची संयुक्त कृती ठरेल. आठवणी सांगणाऱ्यांचे वय लक्षात घेता हा उपक्रम लांबणीवर टाकण्याजोगा नाही. वाफेचे इंजिन चालविलेला तरुण आज वृद्ध आहे, आणि रूळ उखडल्यानंतरही त्याच्या स्मरणातून जागा दाखविता येते. तो गेल्यानंतर मात्र येत नाही.

निष्कर्ष

१. लघुरेल्वे हा आयात झालेला छंद असला तरी त्यामागील प्रेरणा भातुकली, आरास, दिवाळीचा किल्ला आणि तान्हा पोळा यांतून मराठी घराला परिचित आहे. स्थायित्व आणि प्रमाण या दोन अटींमुळे तो या परंपरेपासून वेगळा होतो.

२. पुण्यातील जोशी संग्रहालयाची वाटचाल घरगुती छंदाला सार्वजनिक संस्थेचे रूप येऊ शकते हे दाखविते, तसेच साधनांच्या उपलब्धतेमुळे प्रतिकृती कोणत्या देशाची होते हेही दाखविते.

३. १ : ८७ प्रमाणात रुळांचे माप, वळणाची त्रिज्या व गाडीची लांबी या तिन्ही निकषांवर कारंजा येथील नॅरोगेज मार्ग घरगुती प्रतिकृतीसाठी सर्वाधिक अनुकूल ठरतो.

४. प्रतिकृतीसाठी करावे लागणारे मोजमाप ही स्वतंत्र ऐतिहासिक नोंद होय. मांडणी पूर्ण झाली नाही तरी मोजमापांची वही संशोधनास उपयुक्त राहते.

समारोप

इतिहासाचा अभ्यासक आणि लघुरेल्वे उभारणारा छांदिष्ट यांच्यासमोर एकच अडचण असते : जे मोठे होते ते लहान जागेत आणायचे, आणि आणताना खोटे होऊ द्यायचे नाही. वाशीम जिल्ह्यातील मीटरगेज इ. स. २००८ मध्ये गेले. तेव्हा त्याची मापे कोणी घेतली असती तर आज ती वही अमूल्य ठरली असती. कारंजा मार्गाच्या बाबतीत ही संधी अद्याप हातची गेलेली नाही. जिल्ह्यातील एखाद्या शिक्षकाने सुटीच्या दिवशी मोजपट्टी, वही आणि दोन विद्यार्थी बरोबर घेऊन स्थानकावर जावे, एवढ्यानेही या कार्यास प्रारंभ होऊ शकतो.